आडतीच्या पत्त्यावर

मला एका जागी बसवत नाही, हे माझ्या आईचं जुनं गाऱ्हाणं. ताटावर बसले तरी दोनदा उठणार. बसमध्ये खिडकी मिळाली तरी पुढचा थांबा कोणता म्हणून कंडक्टरला तीनदा विचारणार. आणि अशा बाईनं धंदा कोणता निवडला, तर वेबसाइट सांभाळायचा, ज्यात निम्मा वेळ नुसतं वाट बघण्यात जातो. जालन्यात मी हे काम बरीच वर्षं करते. दालमिलवाले, बियाणेवाले, दोन-तीन शाळा, एक मंगल कार्यालय. साइट बंद पडली की पहिला फोन मला, आणि नीट चालली की वर्षभर कोणाला माझी आठवण नाही. त्याचा मला राग येतो. पण राग मला कशाचाही येतो.

साइट एका होस्टवरून दुसऱ्या होस्टवर नेणं म्हणजे लोकांना वाटतं, सामान टेम्पोत टाकलं की झालं. साइटपुरतं ते खरंही आहे. पानं आणि फोटो उचलायचे, नव्या जागी ठेवायचे, उघडून बघायचं. एखादा फोटो मागं राहिला तर नंतर आणता येतो. मेलचं तसं नाही. तुम्ही इकडे पत्ता बदलत असता तेव्हा तिकडे कोणीतरी बसून मेल पाठवतच असतं, आणि तो कुठंच उतरला नाही तर गेला. गेला हे कळतही नाही, कारण न आलेला मेल दिसणार कसा? म्हणून मेल हलवायचं काम आलं की माझी आठवडाभर आधीपासून भूक मरते आणि घरातल्यांवर खेकसणं वाढतं.

मोंढ्यात एक जुनी आडत आहे, मागच्या बाजूला त्यांचीच दालमिल. मालक मारवाडी, सत्तरी उलटलेले. माझे वडील तूर आणि हरभरा त्यांच्याकडेच घालायचे, म्हणून मी त्यांना काकाजी म्हणते आणि ते मला बेटा म्हणतात. त्यांच्या मुलानं कधीकाळी मिलची साइट आणि मिलच्या नावाचे मेल करून दिले होते आणि मग तो पुण्याला निघून गेला. ज्या माणसाच्या सर्व्हरवर हे सगळं होतं त्यानं कळवलं की महिनाअखेरीस मी हा धंदा बंद करतोय, आपापलं घेऊन जा. तेव्हा काकाजींनी मला बोलावलं.

"साइट गेली तर गेली, कोण बघून राह्यलंय," ते म्हणाले. "पण मेल एक बी जायला नको बेटा. बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी त्याच्यावरच येतात."

"एकही जाणार नाही," मी म्हणाले. हे मी सगळ्यांनाच सांगते, आणि तोवर ते खरं होतं. "तुमचे मेल किती आहेत तेवढं सांगा."

"चार."

"नक्की?"

"बिलकुल. एक माझा, एक मिलचा, एक आडतीचा, एक मुनीमजींचा. अजून कोणाचा राहणार?"

मुनीमजी तेव्हा तीर्थपुरीला, आपल्या घरी होते. मोतीबिंदू काढला होता आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून बजावलं होतं. पण फोनवर बोलायला कोणी मनाई केली नव्हती. दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही, कारण मला घाई होती, आणि मला घाई कधी नसते?

काम कसं असतं ते थोडक्यात सांगते. प्रत्येक नावामागं एक तक्ता असतो. या नावाची साइट अमुक ठिकाणी, मेल तमुक ठिकाणी, असं त्यात लिहिलेलं असतं. जगभरचे सर्व्हर तो तक्ता बघून मेल कुठं टाकायचा ते ठरवतात आणि एकदा बघितला की काही तास तेच धरून चालतात. म्हणून ती धरून चालायची मुदत दोन दिवस आधीच कमी करून ठेवायची. नव्या जागी मेलच्या पेट्या तयार करायच्या, जुने मेल त्यात उतरवून घ्यायचे, आणि मग तक्त्यातली ती एक ओळ बदलायची. पुढचे तीन दिवस जुनी पेटी आणि नवी पेटी, दोन्ही उघडून राखण करत बसायचं. यातलं सगळं मी केलं.

आणि आणखी एक गोष्ट केली. जुन्या होस्टच्या पॅनलवर एका कोपऱ्यात एक सेटिंग चालू होती. या चार पत्त्यांपैकी कोणाचाच नसलेला, पण मिलच्या नावानं आलेला कुठलाही मेल मुनीमजींच्या पेटीत पडायचा. ॲटच्या आधी काहीही लिहा, मेल मुनीमजींकडे. हल्ली हे कोणी चालू ठेवत नाही, कारण त्यातून कचरा फार येतो. मी मुनीमजींच्या पेटीत डोकावले तर तसंच दिसलं. विमा, कॉलेज, कसले कसले फॉर्म, भलत्याच नावांना आलेला हा ढीग. म्हटलं, बाई गं, काय हा उकिरडा. नव्या जागी ती सेटिंग मी चालू केलीच नाही. चार पेट्या, चार पत्ते, बाकीच्यांना दारातूनच परत. काम स्वच्छ केल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

ओळ बदलायला मला रविवार हवा होता, मोंढा बंद म्हणून. काकाजींनी शुभ वेळेसाठी चौघडिया बघितला आणि सोमवारी सकाळी सव्वादहाची वेळ दिली. मी कपाळावर हात मारला, पण सव्वादहालाच बदललं. त्यानंतरचे तीन दिवस माझे मीच जाणते. दर दहा मिनिटांनी स्वतःच्या मोबाइलवरून चारही पत्त्यांवर मेल टाकायचा आणि आला का बघायचा. भाजी फोडणीला टाकली की बघायचं, जिना उतरताना बघायचं. सगळे आले. बाहेरच्या व्यापाऱ्यांच्या ऑर्डरी आल्या. गुरुवारी सकाळी मी काकाजींना जाऊन सांगितलं, झालं, एकही गेला नाही. त्यांनी मिलमधली पाच किलो तूरडाळ पिशवीत भरून दिली आणि मी ती घेऊन उठणार एवढ्यात काळा चष्मा लावलेले मुनीमजी आडतीवर आले. सुट्टी संपायची होती, पण त्यांना घरी करमेना.

ते गादीवर टेकले, पोऱ्याला न सांगता स्वतःच कपाटातून चष्मा पुसायचं फडकं काढलं आणि मला म्हणाले, "ताई, बाकीच्यांचे मेल कुठं गेले? मी काल पोरीला फोनवर पेटी उघडायला लावल्ती. सोमवारपासून काहीच न्हाई त्यात."

"बाकीचे कोण?"

"लोकांचे वो. गावावरच्या."

त्यांनी मागच्या भिंतीकडे हात केला. तिथं खिळ्यांची रांग आहे. ती मी लहानपणापासून बघत आलेय. पूर्वी पोस्टातून आलेली पत्रं तिथं टोचलेली असायची. गावात पोस्टमन कधी येईल याचा भरवसा नाही आणि आडतीवर तर जाणं होतंच, म्हणून खेड्यातला माणूस आपला पत्ता आडतीचा द्यायचा. माझं स्वतःचं कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं पत्र वडिलांनी त्यातल्याच एका खिळ्यावरून काढून आणलं होतं. पोस्ट गेलं, मेल आला, आणि रीत तीच चालू राहिली, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ज्याला फॉर्म भरायचा तो गावाचं आणि आडनावाचं एक काहीतरी जुळवून पत्ता तयार करायचा, पुढं मिलचं नाव लावायचा, आणि मुनीमजींना सांगून ठेवायचा. आलेला मेल मुनीमजी छापायचे, न वाचता चौघडी घालायचे आणि त्या-त्या गावाच्या खिळ्याला टोचायचे. मी ज्याला उकिरडा म्हणाले तो हा होता.

मी काकाजींकडे वळले. "तुम्ही चार सांगितले होते."

"तू विचारलं तुमचे किती," ते शांतपणे म्हणाले. "आपले चारच हायेत. हे आपले थोडेच, हे लोकांचे. मी बराबर सांगितलं."

मला इतका संताप आला की चपला न घालता मी ओट्यावर आले आणि पाय भाजल्यावर परत आत गेले. संताप काकाजींवर काढायचा होता, पण काढणार कुठल्या तोंडानं? पेटी मी उघडून बघितली होती. नावं वाचली होती. त्यातल्या एकालाही मी माणूस समजले नव्हते.

सेटिंग चालू करायला दहा सेकंद लागली. पण सोमवारपासूनचे मेल परत गेले होते. पाठवणाऱ्याला उत्तर गेलं होतं की इथं असा कोणी नाही. नव्या सर्व्हरवर फक्त नोंद राहते, कोणी पाठवला, कोणाला, किती वाजता. आत काय होतं ते राहत नाही. अशा चौदा नोंदी निघाल्या. मुनीमजींना स्क्रीनकडे बघायची मनाई, म्हणून मी वाचत गेले आणि ते सांगत गेले. हा विमेवाला, रोजच येतो, सोडा. हा ट्रॅक्टरवाल्याचा, सोडा. हा पिंपळगाव रेणुकाईच्या पोराचा, त्याला परवा फोनवर कळालंय. असे तेरा सुटले.

राहिलेला एक संभाजीनगरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलचा होता, मंगळवारी दुपारचा, वाटूरच्या पत्त्यावर. मुनीमजींनी चष्मा काढून हातात घेतला.

"हे वाटूरच्या बाईचं," ते म्हणाले. "हे जायला नको होतं."

ती बाई नर्स होती. लग्नाआधी तीन वर्षं नोकरी केलेली. लग्न होऊन वाटूरला आली आणि मग पोरं, शेत, सासूचं आजारपण, यात बारा वर्षं गेली. आता तिनं त्या हॉस्पिटलात अर्ज केला होता. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. घरचे वाईट नव्हते, मुनीमजींनी हे दोनदा सांगितलं, पण होण्याआधीच बोललं की चार जण चार बाजूंनी बोलतात आणि बोलण्यातच त्याचा चोथा होतो. फोन घरात एकच, तो नवऱ्याच्या खिशात. म्हणून माहेरचा माल ज्या आडतीवर येतो तिचा पत्ता तिनं दिला होता. सासूची औषधं न्यायला पंधरा दिवसांनी जालन्याला यायची, तेव्हा खिळा बघायची.

"कधी येणारय आता?"

"शनिवारी."

गुरुवार ते शनिवार. त्या दोन दिवसांत मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, कारण सगळं हातपाय आपटण्यासारखं होतं. हॉस्पिटलला काकाजींच्या पत्त्यावरून मेल लिहिला. उत्तर नाही. पुन्हा लिहिला. त्यांच्या साइटवरून नंबर काढून फोन केला, तर तिथला क्लार्क म्हणाला, उमेदवाराची माहिती उमेदवारालाच देतो. मी म्हटलं, अहो माहिती नको, तोच मेल पुन्हा पाठवा फक्त. तो म्हणाला, उमेदवाराला बोलू द्या. मी चढ्या आवाजात बोलले आणि त्यानं ठेवून दिला. वाटूरला जावं असं मनात आलं, गाडीची किल्लीही हातात घेतली. पण जाऊन कोणाच्या दारात काय सांगणार? ज्या गोष्टीसाठी तिनं हा पत्ता दिला तीच मी वाजतगाजत घरी नेऊन पोचवणार? किल्ली परत ठेवली. डोक्यात एकच चाललेलं, की ते मुलाखतीचं बोलावणं असणार आणि तारीख शुक्रवारची असणार. शुक्रवार उजाडला तेव्हा मी पहाटेपासून जागीच होते. मावळला तेव्हा नवऱ्यानं विचारलं, तुझं काही दुखतंय का. मी त्याच्यावर ओरडले.

शनिवारी मी साडेदहालाच आडतीवर जाऊन बसले. ती बाराच्या सुमारास आली. ठेंगणी, सावळी, खांद्यावर पिशवी, हातात औषधांची चिठ्ठी. आत येऊन कोणाशी न बोलता सरळ भिंतीकडे गेली, वाटूरचा खिळा रिकामा बघितला आणि मग मुनीमजींना डोळ्याचं विचारलं.

मी उठून उभी राहिले आणि सांगून टाकलं. मी कोण, काय काम केलं, काय बंद केलं. "माझ्या हातून झालं," मी म्हणाले. "मेल आला होता. मंगळवारी. तो मी परत पाठवला."

ती ऐकत होती. तिनं पिशवी खाली ठेवली. "काय होतं त्यात?"

"ते नाही कळत. तुम्ही स्वतः फोनवर बोललात तर ते पुन्हा पाठवतील."

"मंग लावा फोन."

मी माझ्या मोबाइलवरून लावला आणि तिच्या हातात दिला. तिनं पदर नीट केला, घसा साफ केला. "नमस्कार, सिस्टर बोलतेय, वाटूरहून," ती म्हणाली, आणि तिचा आवाजच बदलला. ठाम, शुद्ध, वॉर्डात बोलतात तसा. अर्जाचा नंबर तिला पाठ होता. क्लार्कनं काय ते ऐकून घेतलं. सांगितलं, फोनवर काही सांगता येत नाही, जेवणाच्या सुट्टीनंतर मेल पुन्हा टाकतो. तिनं आभार मानून फोन मला परत दिला.

"माझी गाडी चारची हाय," ती म्हणाली. "तेवढ्यात येतो का?"

"येतो," मी म्हणाले. मला काय माहीत?

ती औषधं घेऊन आली आणि बाकावर बसली. काकाजींनी सगळ्यांना चहा सांगितला, तिला बिस्किटाचा पुडा पुढं केला, तिनं एक घेतलं. मी मुनीमजींच्या कॉम्प्युटरसमोर. दोन वाजले. अडीच. मी पेटी ताजी करत होते, पुन्हा ताजी करत होते. मध्येच वाटायचं, सेटिंग खरंच लागलीय ना, की स्वतःच एक मेल तिच्या पत्त्यावर टाकायचा. तो यायचा आणि पेटीत काहीतरी आलं म्हणून माझंच काळीज हलायचं. काकाजी म्हणाले, "बेटा, तू हलू नको, माझं डोकं फिरून राह्यलंय." ती बाई मात्र हलत नव्हती. तिनं एकदाच विचारलं, "पोस्टिंग मिळालं तर राहायची सोय देतात का वो ते?" मला माहीत नव्हतं. "पोरीला दहावीनंतर तिकडंच न्यायची म्हणते," ती म्हणाली.

तीन वाजले. मी मनातल्या मनात क्लार्कला शिव्या देत होते. सव्वातीन. हॉस्पिटलला पुन्हा फोन लावला, कोणी उचलला नाही. साडेतीनला ती उठून पिशवीतल्या औषधांच्या पट्ट्या मोजायला लागली.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी मेल आला.

मुनीमजींनीच छापला, उघडून न बघता, काळ्या चष्म्यातून अंदाजानं बटण दाबून. कागद प्रिंटरमधून निघाला तो त्यांनी उलटा धरला आणि तिला दिला. तिनं उभ्यानं वाचला. एकदा वाचून पुन्हा वरून वाचला. मला तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना आणि विचारायचा धीर होईना. मग तिनं कागद माझ्यापुढं धरला.

आपला अर्ज मिळाला. कामातला खंड बारा वर्षांचा असल्यानं या वेळी विचार करता येत नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मी तारीख शोधत होते. मुलाखतीची तारीख कुठंच नव्हती. बोलावणं नव्हतंच. मंगळवारी आला असता तरी हाच कागद आला असता. गुरुवारपासून छातीवर बसलेलं सुटलं आणि मी मोठा श्वास सोडला. इतका मोठा की काकाजींनी मान वर केली.

ती माझ्याकडेच बघत होती.

"दुसरीकडं बी अर्ज करायचाय," ती म्हणाली. "पत्ता हाच लिहू ना?"

"हो हो, हाच लिहा ना. आता बिलकुल काही होणार नाही, मी स्वतः रोज बघेन," मी म्हणाले. माझा आवाज मलाच फार आनंदी वाटला.

तिनं कागद परत घेतला आणि मुनीमजींना दिला. "हे इथंच फाडा. घरी नेता येत न्हाई." मग पिशवी खांद्याला लावली आणि जाता जाता माझ्यापाशी थांबली.

"ताई, तुमचा जीव भांड्यात पडला," ती म्हणाली. रागानं नव्हे. ताप उतरलाय म्हणून पेशंटला सांगावं तसं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं, पण खोटं बोलवेना.

"पडला," मी म्हणाले.